पेडलवरचं पाऊल

"धरलं," काकू गाडीत बसून म्हणाल्या.

"नाही धरलंस," गाडीखालून काकांचा आवाज आला.

मी किल्ली बोटावर फिरवत दारापाशी उभा होतो, तो थांबलो. बारा वर्षं मी या गॅरेजात आमची गाडी आणतोय, त्याआधी वडील आणत. पण गॅरेज चालवणाऱ्या या नवराबायकोत असं बोलणं कधी ऐकलं नव्हतं. काकूंनी वाकून पाहिलं. त्यांचं उजवं पाऊल पेडलच्या शेजारी, नुसत्या पत्र्यावर, चांगला जोर लावून दाबलेलं होतं. त्यांनी ते उचलून पेडलवर ठेवलं आणि घसरलं वाटतं, असं काहीतरी पुटपुटल्या.

ब्रेकच्या कामातलं मलाही फार कळत नाही, पण इतकं सांगू शकतो. पेडल दाबलं की तेल नळीतून चाकांकडे जातं आणि चाकं धरली जातात. दुरुस्तीसाठी नळी उघडली की तेलात हवा शिरते, आणि ती राहिली तर पाय खाली जातो अन् गाडी मात्र पुढे जात राहते. ही हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खालून चाकामागची बारीकशी निपल उघडून बुडबुडे बाहेर सोडायचे, ती बंद करायची आणि मगच वरच्याला "सोड" म्हणायचं. इतर ठिकाणी वर बसायला जो रिकामा असेल तो चालतो. इथे एकतीस वर्षं काकू बसतात, चप्पल बाहेर काढून, अनवाणी.

काकूंना गाडी चालवता येत नाही. शिकावीशीही कधी वाटली नाही. पण काकांचा एक नियम आहे: ज्याने नट आवळला त्याने गाडी पास करायची नाही. सगळं काम झालं की काकू डोळे मिटून पेडल दाबणार, थोडा वेळ तसंच धरणार, आणि "घट्ट आहे" म्हणाल्या की गाडी बाहेर. एकदा माझ्यासमोर त्यांनी एका जवळजवळ नव्या गाडीच्या मालकाला सांगितलं होतं की पाय केसभर खाली सरकतोय, वरच्या सिलिंडरचं रबर गेलंय. मालक तोंडावर हसला. काकांनी सिलिंडर खोलला तेव्हा रबरावर नखाच्या ओरखड्याएवढी चीर निघाली. मालकाने चेहरा पाडून काकूंच्या पावलाकडे पाहिलं, जसं एखाद्या मोठ्या माणसाकडे बघतात.

मी पाणीपुरवठा कार्यालयात कारकून आहे. दिवसाला चाळीस कागदांवर "तपासले" असा शिक्का मारतो. त्यातले तपासलेले किती, हे कृपा करून विचारू नका. त्यामुळे काकूंचं हे प्रकरण मला नेहमीच थोडं अति वाटायचं, आणि त्या दिवशी तर मी घाईत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला घेऊन घाट उतरायचा होता. बहीण घाटाखाली राहते, आणि आईने तिला वर्षभर पाहिलेलं नव्हतं. गाडी सव्वीस वर्षांची. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी घरात आली म्हणून वडील तिला "थोरली सून" म्हणत, आणि माझी बायको अजून त्यावरून तोंड फुगवते. मागच्या ब्रेकची लायनरं झिजली होती, एका चाकातून तेल गळत होतं. काकांनी सकाळपासून खपून सगळं नवं बसवलं होतं. फक्त हवा काढायची राहिली होती.

चारही चाकं झाली. काका गाडीखालून बाहेर आले, फडक्याला हात पुसत उभे राहिले. काकूंनी डोळे मिटले आणि पेडल दाबलं. सोडलं, पुन्हा दाबलं. मी घड्याळ पाहिलं. एरवी हे सगळं चहाचा कप संपायच्या आत उरकतं. काकू बसूनच राहिल्या. कपाळावर घाम आला होता.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, काकू, उतरा जरा, मी दाबून बघतो. त्या मुकाट्याने उतरल्या. मी बसून पेडल दाबलं तर भिंतीवर पाय ठेवल्यासारखं लागलं. मी जाहीर केलं की घट्टच आहे, अगदी पहिल्यासारखं.

"तुझं पाऊल चांगलं आहे रे," काकू म्हणाल्या, "पण त्याला सवय नाही. माझ्याला सवय आहे, पण आता त्याला कळत नाही."

हे त्या इतक्या साधेपणाने बोलल्या की आधी मला त्याचा अर्थच लागला नाही. काकांना लागला. त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि कधीपासून, एवढंच विचारलं. दोन महिने झाले, काकूंनी सांगितलं. आधी बोटं बधिर झाली, मग तळवा. साखरेने असं होतं म्हणे, डॉक्टर म्हणाले. तुम्हाला सांगणारच होते.

"मग पास कशी करत होतीस?"

"पाय कुठे आहे ते बघून. आणि तुमचं काम मला माहीत आहे म्हणून. तुमच्या हातून काही राहायचं नाही, असं धरून चालले."

काका हलक्या आवाजात म्हणाले, "माझ्या कामावर भरवसा ठेवू नये म्हणूनच तर तुला वर बसवलं ना गं."

मला तिथून निघून जावंसं वाटलं. दुसऱ्याच्या घरात भलत्या वेळी शिरावं तसं झालं होतं. काकू मान खाली घालून उभ्या होत्या, पण रडत वगैरे नव्हत्या. त्या आठवत होत्या. दोन महिन्यांत गेलेल्या गाड्या त्यांनी एकेक करून सांगितल्या: शाळेतल्या बाईंची निळी, बेकरीवाल्याची व्हॅन, ते दोघे भाऊ मिळून वापरतात ती, आणि नर्सची लहान गाडी, जिचं दार नीट लागत नाही. सगळ्यांना फोन करा म्हणाल्या. आत्ताच करा.

इथे माझ्यातला कारकून जागा झाला. मी काकांना बाजूला घेऊन समजावलं की असं थेट सांगू नका, नाव खराब होईल. म्हणा, नवीन तेल आलंय, बदलून देतो. लोक येतील, तुम्ही गुपचूप तपासा, कोणाला कळायचंही नाही. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं. मग ते भिंतीवर लिहिलेले नंबर बघत एकेकाला फोन लावू लागले. "तुमची गाडी पास केली तेव्हा हिच्या पायाला कळत नव्हतं. चूक आमची. हळू चालवत आजच घेऊन या." चारही जणांना हेच शब्द, ना एक कमी ना एक जास्त. पलीकडून कोणी काय बोललं ते मला ऐकू आलं नाही. बेकरीवाला मात्र बराच वेळ बोलत होता आणि काका नुसतं "हो" म्हणत होते.

मी माझे शिक्के आठवले. लाज वाटली.

तोवर काकूंनी कुठूनतरी एक पोतं आणून घडी घातली, गाडीच्या दारापाशी टाकली आणि तिच्यावर गुडघे टेकले. अर्धं अंग आत घालून दोन्ही तळहात पेडलवर ठेवले आणि सगळा भार दिला. पासष्टीच्या बाईने असं ओणवं व्हायचं म्हणजे गंमत नाही. दाबलं, सोडलं, थांबल्या. पुन्हा दाबलं. आतून त्यांचा आवाज आला, हवा आहे अजून, थोडीशीच. मागचं डावं असेल, तिथेच माझा पाय चुकला होता.

काका पुन्हा गाडीखाली गेले आणि वर मला बसवलं. खालून "दाब" म्हणाले. मी दाबलं, पाऊल पेडलवरच आहे ना ते वाकून पाहिलं, आणि मगच "धरलं" म्हणालो. इतकी वर्षं हा एक शब्द किती जबाबदारीने बोलला जात होता, ते मला तेव्हा कळलं. काकांनी "सोड" म्हटल्यावर मी उतरून पाहिलं. निपलला लावलेल्या पारदर्शक नळीत, पिवळ्या तेलातून, एक बुडबुडा सरकत होता. मोहरीएवढा. माझ्या पावलाने त्याला घट्ट म्हटलं होतं, आणि उद्या माझी आई त्या पावलाच्या भरवशावर घाट उतरणार होती. काकूंच्या तळहातांनी तो शोधून काढला होता. मी काही देवभोळा नाही, पण त्या क्षणी हात जोडावेसे वाटले, हे कबूल करतो.

आणखी दोनदा तसंच केलं, मग काकूंनी हातांनी दाबून गाडी पास केली. उठताना त्या जरा अडखळल्या. काकांनी दंडाला धरून त्यांना स्टुलावर बसवलं, आणि तेव्हा फरशीवर लाल डाग दिसला. त्यांच्या तळव्यात पत्र्याचा बारीक कपचा रुतला होता, कधीचा कोण जाणे. काकूही त्याच्याकडे दुसऱ्याचा पाय असल्यासारख्या पाहत होत्या.

काका जमिनीवर बसले. पाऊल मांडीवर घेऊन त्यांनी कपचा काढला, जखम पाण्याने धुतली, आणि कोरड्या फडक्याने बांधली. मग अंगठ्याने एकेक बोट दाबत गेले.

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

टाच झाली, घोटा झाला. घोट्याच्या चार बोटं वर काकू म्हणाल्या, "इथे कळतंय."

काकांनी तिथे हात ठेवला आणि तसेच बसून राहिले. बाहेर गाडीचा आवाज आला. शाळेतल्या बाईंची निळी गाडी अगदी हळूहळू फाटकातून आत येत होती. काकूंनी त्यांच्या मांडीवरून पाय काढून घेतला आणि पोत्याची घडी उचलली.