ऐकू आलेली हाक

शाळांना सुट्टी लागली की पहिल्याच शनिवारी आमच्या वसाहतीत तळ्याचा दिवस असतो. कोपनहेगनच्या या बाजूला प्रत्येक उपनगराचं उन्हाळ्यात असं काहीतरी असतंच. आमची तराफ्यांची शर्यत. ज्यानं त्यानं आपला तराफा घरीच बांधायचा. निळी पिंपं, जुन्या फळ्या, हाताला लागेल ते. घरातलं एक मोठं माणूस आणि एक मूल तरी त्यावर हवंच. पलीकडच्या लाल पिंपाला वळसा घालून धक्क्याला परत यायचं. जिंकेल त्याला एक लाकडी बदक मिळतं, ते वर्षभर आपल्या खिडकीत मिरवायचं. बहुतेक लोक हसायला आणि भिजायला येतात.

एस्बेन जिंकायला यायचा.

तसा माणूस वाईट नव्हे. पुलांचे आराखडे करणाऱ्या ऑफिसात नोकरी, शेजाऱ्याची शिडी परत करताना पुसून देणारा. पण आदल्या वर्षी कोपऱ्यावरच्या दंतवैद्यानं त्याला अगदी धक्क्यापाशी मागे टाकलं होतं आणि कामावर जाता-येता ते बदक त्याला दंतवैद्याच्या खिडकीतून दिसायचं. त्यामुळे यंदा थंडी सरते न सरते तोच त्यानं गॅरेजात ठोकाठोक सुरू केली. नऊ वर्षांची टिल्डे, त्याची एकुलती एक मुलगी, सुरुवातीला मोठ्या हौसेनं हाताखाली असायची. पुढे तळ्यावर सराव सुरू झाला, तशी तिची हौस जरा कमी झाली.

"वल्हं खोल घाल, टिल्डे. पाणी कुरवाळतेयस काय?"

"हात दुखतात, बाबा."

"दंतवैद्याच्या मुलाचे नाही दुखत."

शर्यतीच्या दिवशी लखलखीत ऊन होतं. काठावर सॉसेज भाजल्याचा धूर, लांबलचक टेबलं, स्ट्रॉबेरीच्या परड्या. टिल्डेची आई मायकेन टॉवेल खांद्यावर टाकून धक्क्याच्या टोकाला उभी होती. सगळ्यांच्या मागे शेजारचा ब्यार्ने. या पोटसुट्या, गमत्या माणसानं तराफ्यावर चक्क दिवाणखान्यातला सोफा चढवला होता आणि त्यावर बायको इंगर आणि नातीला बसवलं होतं.

"एस्बेन!" तो मागून ओरडला. "पोचलास की कॉफी टाकून ठेव रे! आम्ही जेवणापर्यंत येतोच!"

सगळे हसले. एस्बेन हसला नाही. तो दंतवैद्याच्या वल्ह्यांकडे बघत होता.

शिट्टी वाजली. लाल पिंपापर्यंत दंतवैद्य पुढे होता. वळशाला एस्बेननं त्याला गाठलं. आता दोन्ही तराफे जवळजवळ खेटून चालले होते. "ओढ! ओढ!" एस्बेन ओरडत होता. टिल्डे ओठ दाबून ओढत होती. तेवढ्यात तिचं वल्हं पाणवेलींच्या जाळ्यात अडकलं. तिनं ते सोडायला हवं होतं, पण वल्हं सोडलं तर बाबा चिडतील म्हणून तिनं ते घट्ट धरून ठेवलं, आणि वल्ह्यासकट ती मागे ओढली जाऊन पाण्यात पडली.

एस्बेनला छपाक ऐकू आलं. मग हाक ऐकू आली. "बाबा!"

त्यानं मागे वळून पाहिलं. टिल्डेचं डोकं पाण्यावर होतं. अंगात नारिंगी लाइफ जाकीट होतं. तिनं एक हात वर केला होता आणि ती सरळ त्याच्याकडेच बघत होती. त्याच्या मनात आलं, जाकीट आहे, पोहता येतं, मदतीची बोट असेलच. हे सगळं एका झटक्यात मनात आलं आणि पटलंही. त्यानं मान वळवली आणि वल्हं मारलं.

मदतीची बोट तेव्हा तळ्याच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी मोडका तराफा ओढत होती.

तराफा धक्क्याला लागला, दंतवैद्याच्या आधी. एस्बेननं दोन्ही हात वर केले. टाळ्या वाजल्या नाहीत. लोक त्याच्याकडे बघतच नव्हते. सगळ्यांच्या नजरा त्याच्या मागे, पाण्यावर होत्या. तिथे ब्यार्ने सोफ्यासकट तिरका होऊन तराफा वळवत होता. इंगर फळ्यांवर पालथी पडली होती. तिनं टिल्डेच्या काखेत हात घालून तिला वर ओढलं, आपल्या अंगावरची लोकरीची शाल तिच्याभोवती गुंडाळली आणि सोफ्यावर तिला मांडीवर घेतलं. मग ते सगळे हळूहळू, सर्वांत शेवटी, काठाला आले. तेव्हा मात्र टाळ्यांचा कडकडाट झाला.

मायकेननं टिल्डेला टॉवेलात घेतलं. पोरीचे दात वाजत होते, पायांना वेलींचे ओरखडे होते. मायकेननं मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं.

"तुला कळलं होतं ती पडली ते?"

आजूबाजूला सगळी वसाहत उभी होती. एस्बेनच्या तोंडून निघून गेलं, "नाही गं. या आरडाओरड्यात... मला वाटलं ती मागेच आहे."

टिल्डेनं त्याच्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग ती टॉवेलात तोंड घालून म्हणाली, "बाबांना ऐकूच गेलं नसेल, आई. मी हळू हाक मारली."

एस्बेनला वाटलं, धक्क्याच्या फळ्या उकलाव्यात आणि आपण खाली जावं. कानांच्या पाळ्यांपर्यंत त्याचं तोंड तापलं.   कुणीतरी सॉसेज उलटवायला गेलं, कुणी झेंडा सरळ केला.

बदक त्यालाच मिळालं. शर्यतीच्या समितीच्या बाईंनी नियम परत परत आठवून पाहिले असावेत. मूल मध्येच तराफ्यावरून पडलं तर काय, असं कुठे ठरलेलंच नव्हतं. त्यांनी त्याचं नाव घाईघाईनं उच्चारलं. त्यानं बदक घेतलं आणि काखेत लपवल्यासारखं धरून धक्क्यावरून खाली उतरला.

जेवणाच्या टेबलावर ब्यार्नेनं त्याला शेजारी जागा करून दिली. "बस. नवे बटाटे आहेत, वर लोणी घे." रागावला असता तर बरं झालं असतं. एस्बेन बटाटे नुसते ताटात फिरवत राहिला. समोर टिल्डेची खुर्ची रिकामी होती. ती दूर गवतात, इतर मुलांच्या मागे, एकटीच बसून काठीला गुंडाळलेली पावाची कणीक भाजायला निखाऱ्यावर धरून होती.

तो तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला.

"टिल्डे, तू हळू नव्हती मारलीस हाक."

ती काठी फिरवत राहिली. "सगळे बघत होते ना तुमच्याकडे."

"म्हणून तू खोटं बोललीस?"

"तुम्ही पण बोललात."

 कणीक एका बाजूनं करपायला लागली होती. टिल्डेनंच विचारलं, "मी नीट वल्हवत नव्हते म्हणून राग आला होता का? म्हणून नाही थांबलात?"

हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. इतका वेळ आपली लाज झाकायच्या नादात, ही पोर काय समजून बसली असेल याचा त्यानं विचारच केला नव्हता.

"नाही गं. तू छान वल्हवत होतीस. मला जिंकायचं होतं. तू हाक मारलीस, मी ऐकली, तुला बघितलं आणि तरी गेलो. तुझी काही चूक नाही. माझीच आहे."

टिल्डेनं मान हलवली. समजलं म्हणून, की पुरे म्हणून, ते त्याला कळलं नाही.

मग तो उठला आणि टेबलापाशी गेला. मायकेन, ब्यार्ने, इंगर, पलीकडे दंतवैद्य, सगळे होते. उभ्या उभ्याच तो म्हणाला, "मी मघाशी खोटं बोललो. मला ऐकू आलं होतं. मी वळून पाहिलं होतं."

मायकेननं हातातला काटा खाली ठेवला.

"माहीत आहे," मायकेन म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी धक्क्याच्या टोकाला होते, एस्बेन. तू मान वळवलीस ती मी पाहिली. सगळ्यांनीच पाहिली."

म्हणजे त्याचं खोटं एक क्षणभरही कुणाला खरं वाटलं नव्हतं. सगळ्यांनी ते सभ्यपणे ऐकून घेतलं होतं, आणि नऊ वर्षांच्या पोरीनं ते सगळ्यांसमोर सावरून धरलं होतं. ब्यार्नेनं घसा खाकरला. एरवी याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर विनोद असतो. या वेळी त्यानं नुसता बटाट्यांचा वाडगा एस्बेनकडे सरकवला. एस्बेननं बदक इंगरपुढे ठेवलं.

"नको रे," इंगर म्हणाली. "आम्ही काय बदकासाठी वळलो होतो?"

ते टेबलावर तसंच राहिलं. शेवटी समितीच्या बाई खुर्च्या गोळा करताना ते घेऊन गेल्या, आणि त्या वर्षी ते कुणाच्याच खिडकीत दिसलं नाही.

जुलैभर एस्बेन टिल्डेला तळ्यावर नेत राहिला. पहिले काही दिवस ती गुडघ्यापलीकडे पाण्यात जाईना. त्यानं घाई केली नाही, ओरडला नाही. गार पाण्यात तासन्‌तास उभा राहिला. मायकेन काठावर बसायची. ती त्याच्याशी बोलायची, पण घरातलंच, भाजी आणि कपडे. हळूहळू टिल्डे कमरेपर्यंत गेली, मग पोहायला लागली. शाळा उघडायच्या सुमारास ती पुन्हा धक्क्यावरून उड्या मारू लागली.

उडी मारण्याआधी ती दर वेळी मागे वळायची आणि आई कुठे बसली आहे ते बघून घ्यायची.

"मी आहे इथे!" एस्बेन पाण्यातून हात वर करून ओरडायचा.

"हो बाबा, दिसताय," टिल्डे म्हणायची, अगदी नीट, परक्या माणसाशी बोलावं तसं. आणि आईनं मान डोलावली की उडी मारायची.