पाठीवरचा पाहुणा

अप्पांच्या मनातून एकेक गाव उठून गेलं होतं. मुलाचं नाव गेलं, शेताची वाट गेली, जेवलो की नाही तेही जायचं. राहिल्या होत्या दोनच गोष्टी. सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसायचं, आणि पूजा उरकली की विचारायचं, "रियाज आला का?"

रियाज लोहा गावचा. एकाहत्तरच्या लढाईत दोघं एका तुकडीत होते. पायात गोळी लागून तो नदीकाठी पडला, तेव्हा अप्पांनी त्याला पाठीवर घेतलं आणि गोळीबार चालू असताना छातीभर पाण्यातून अलीकडं आणलं. पाय वाचला, पण वाकडा राहिला. तेव्हापासून दर थंडीत रियाज निलंग्याला यायचा. एसटीतून उतरून काठी टेकत गल्लीत शिरला, की अप्पा त्याच्यापुढं उकिडवे बसून दोन्ही हात मागं करायचे.

"चढ."

"दमशील रे बैला. वजन वाढलंय माझं."

"वजन न्हाई, तोंड वाढलंय तुझं. चढ म्हनलो न्हवं."

जवानीत स्टँडपासून, मग गल्लीच्या तोंडापासून, शेवटी शेवटी नुसता उंबरठा. पण अप्पांच्या घराचा उंबरठा रियाजनं कधी स्वतःच्या पायानं ओलांडला नाही. अप्पांची बायको महादेवी जात्यावर बसली की या दोघांना ओवीत ओढायची:

आला लोह्याचा पाहुणा, त्याला पायरी चढंना
धनी वाकला अंगणी, पाठ रिकामी ऱ्हाईना

अप्पांना पदक मिळावं म्हणून कचेऱ्यांचे उंबरे झिजवले तेही रियाजनंच. पुरावा मागितला की म्हणायचा, "मी जिता हाय, अजून कसला पुरावा पायजे सायेब?" म्हातारा होईतोवर हेच सांगत फिरला. आणि पदक मंजूर झाल्याची खबर आली, तेव्हा त्याच्या कबरीवर गवत उगवलं होतं.

रियाज गेल्याचं महादेवीनं अप्पांना सांगितलं होतं. लेकरासारखे रडले. संध्याकाळी पुन्हा विचारलं, "रियाज आला का?" तिनं पुन्हा सांगितलं, आणि ते पुन्हा रडले, आत्ताच ऐकल्यासारखे. असं होत राहिलं. एका माणसानं कितींदा मरावं, आणि एकानं कितींदा रडावं? मग ती सांगू लागली, "येऊन राहिलाय. गाडी लेट हाय." तेवढ्यावर अप्पा गप्प व्हायचे.

लातूरला पदकाच्या समारंभाला निघताना तिच्या मनात एकच होतं. आजचा दिवस तरी यांच्या डोळ्यांत पाणी नको.

"सायबांना बोललास का रे," तिनं गाडीत मुलाला, संगमेशला, विचारलं. "माईकवर रियाजभाई वारले म्हनून काढू नका म्हनावं."

"बोललोय अव्वा. कितींदा इचारतीस?"

सभागृह भरलं होतं. लष्करी अधिकाऱ्यानं वाकून अप्पांच्या कोटावर पदक लावलं. अप्पांनी ते बोटांनी चाचपलं आणि महादेवीकडं पाहिलं, हे कुणाचं, असं. निवेदक वाचू लागला, नदी, गोळीबार, जखमी सहकारी रियाज. नाव ऐकताच अप्पांची मान वर झाली.

"कुठंय त्यो?"

"येऊन राहिलाय," महादेवी कानाशी म्हणाली. "गाडी लेट हाय."

अप्पा मान हलवून बसले. तिनं पदरानं कपाळ टिपलं. निभावलं म्हणायचं.

पुढच्या रांगेत नाजिया होती, रियाजची मुलगी. संगमेशनंच तिला लोह्याहून बोलावलं होतं. अब्बांची काठी चाचांकडं राहू दे, म्हणून ती घेऊन आली होती. तिला वर बोलावलं. मंचाच्या पायऱ्या उंच, तिचेही गुडघे आता दुखरे. चढताना तिनं सहज काठी टेकली.

टक. टक. टक.

महादेवीनं चटकन अप्पांकडं पाहिलं. काठीचं कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

अप्पा खुर्चीतून उठले. मंचाच्या मधोमध गेले, कष्टानं उकिडवे बसले, पायऱ्यांकडं पाठ केली आणि दोन्ही हात मागं नेले.

"चढ."

अधिकारी पुढं सरसावला तशी महादेवीनं हातानंच त्याला थांबवलं. अप्पांचे हात तसेच मागं, उघडे.

"चढ की रे. का दमलास?"

नाजियानं महादेवीकडं पाहिलं. मग नाजियानं काठी खाली ठेवली, अप्पांच्या मागं गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हात त्यांच्या गळ्यात टाकून हलकेच पाठीला टेकली. भार असा तिनं टाकलाच नाही.

अप्पांनी मागचे हात पुढं घेतले.

"लई हलका झालास रे," ते म्हणाले. गळ्यातल्या हातावरून, त्यावरच्या बांगड्यांवरून त्यांनी बोटं फिरवली. "नाजिया हाय का?"

"हाव चाचा."

"महादेवी," मागं न बघता अप्पांनी विचारलं, "त्याची गाडी न्हाई ना येत आता?"

एवढे दिवस जपलेलं खोटं महादेवीच्या ओठाशी आलं होतं. ती खाली बसली. त्यांचा गार हात तिनं हातात घेतला.

"न्हाई," ती म्हणाली.

अप्पा रडले नाहीत. नाजियाचे हात मात्र त्यांनी लवकर सोडले नाहीत.

परतीच्या वाटेवर, औसा मागं पडल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, "रियाज आला का?"

संगमेशनं आरशातून आईकडं पाहिलं. महादेवीला ना हो म्हणवलं, ना नाही. तिनं रियाजची काठी उचलून अप्पांच्या हातात दिली. त्यांनी काठीची गुळगुळीत झालेली मूठ चाचपली, पुन्हा चाचपली, आणि काठी गुडघ्यांत उभी धरून जरा पुढं वाकून बसले.

निलंगा येईपर्यंत त्यांनी पाठ सीटला टेकवली नाही.