साडेचार बोटं

गाडीचं सगळं झालं होतं, फक्त रेडिएटर अडला होता. आणि तो धाकट्यानेच मुद्दाम अडवून धरलाय, असं त्याच्या बायकोचं म्हणणं होतं.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघा भावांनी मिळून ही हॉट रॉड करायला घेतली होती. म्हणजे कुठूनतरी जुन्या गाडीचं धूड ओढून आणायचं, टप कापून खाली बसवायचा, बॉनेट काढून टाकायचं आणि पुढे ट्रकचं इंजिन उघडंवाघडं मिरवायचं. थोडक्यात, शहाण्या माणसाने करू नयेत असले उद्योग. थोरला ट्रक चालवायचा, धाकटा वेल्डिंग करायचा. थोरल्याच्या डाव्या हाताची अनामिका कधीकाळी पंख्याच्या पट्ट्यात सापडून अर्धी गेली होती. दोस्त त्याला 'साडेचार' म्हणून हाक मारायचे आणि तोही खुशाल ओ द्यायचा.

मग एकदा तो माल घेऊन गेला तो गेलाच. ना ट्रक, ना तो, ना फोन. पोलिसांनी शोधलं, ट्रकच्या मालकाने शोधलं, आणि शेवटी सगळे आपापल्या कामाला लागले. आई लागली नाही. निघताना थोरला तिला म्हणाला होता, "पहिल्या फेरीला मी असणार. माझ्याशिवाय गाडी हलवू देऊ नकोस याला." आईने तेवढ्याचीच खूणगाठ बांधली. गाडी झाली की तो येणार. तोवर पुढच्या दाराला कडी लावायची नाही. भटकी कुत्री घरात शिरली, एकदा तर कुणीतरी भरदुपारी इस्त्री उचलून नेली, पण कडी काही लागली नाही.

धाकट्याला खरी भीती होती ती याचीच. गाडी तयार झाली आणि थोरला आला नाही, तर आई कशाच्या आधाराने जगणार? म्हणून तो वायरिंग उलगडून पुन्हा करी, चांगला रंग खरवडून पुन्हा लावी. आईने सीटची कव्हरंसुद्धा शिवून दिली. आता उरला होता फक्त रेडिएटर, आणि त्याच्यात खोड काढणं सोपं होतं. नवा अॅल्युमिनियमचा दिसायला देखणा, पण त्या किमतीत दुसरं इंजिन आलं असतं. छोट्या गाडीचा स्वस्त मिळत होता, पण एवढ्या इंजिनापुढे तो म्हणजे दर्यामें खसखस. ट्रॅक्टरचा उंच. शिवाय पुढची चौकट थोरल्याने तो चालवायचा त्या ट्रकवरून माप घेऊन वेल्ड करून घेतली होती. तीत काहीच धड बसत नव्हतं.

"अहो, रेडिएटर बघताय की सून पसंत करताय?" बायको म्हणाली. "एकीचं नाक, एकीची उंची!" मग ती हळूच म्हणाली, "आईंना किती दिवस असं टांगून ठेवणार? उद्या त्याच गेल्या तर?"

हे मात्र त्याला लागलं. तो उठला आणि भंगारवाल्याकडे गेला.

भंगारवाला म्हातारा, कानाने जरा कमी आणि जिभेने जास्त. त्याच्या आवारात दारांचा ढीग वेगळा, चाकांचा वेगळा. त्याने ताडपत्रीखालून एक रेडिएटर ओढून काढला. तांब्या-पितळेचा, जुना, जड. "घे. भाव काय करतोस, वजनावर पैसे दे," तो म्हणाला. धाकट्याने तोंडं बंद केली, हवा भरली आणि तो पाण्याच्या टाकीत बुडवला. एक बुडबुडा आला नाही. नदीचं मूळ, ऋषीचं कूळ आणि भंगाराचं गाव विचारू नये, असा त्या धंद्याचा रिवाज. धाकट्यानेही विचारलं नाही. माप घेतलं तेव्हा मात्र खोड काढायला जागाच नव्हती.

घरी आणून लावला, तर चौकटीची भोकं आणि रेडिएटरची भोकं तंतोतंत जुळली. हातोडी हातात घ्यावीही लागली नाही.

दुपार कलली होती. त्याने पाणी भरलं, इंजिन चालू केलं, गरम होऊ दिलं आणि बंद केलं. पंखा थांबल्यावर तो पुढच्या बाजूला आला. जुना रेडिएटर पारखायची रीत साधी आहे: गरम जाळीवरून तळहात फिरवायचा. आतली नळी गाळाने बुजली असेल तर तिथे गार लागतं. आणि नळ्या उभ्या असतात, म्हणून गार पट्टाही उभाच लागतो, वरून खालपर्यंत सरळ. ही रीत त्याला थोरल्यानेच शिकवली होती. डोळे मिटून कर म्हणायचा, डोळे मध्ये लुडबुड करतात.

त्याने डोळे मिटले. जाळी सगळीकडे चटका बसेल इतकी तापली होती. मधोमध आल्यावर मात्र हात गारव्यात शिरला. हा पट्टा नव्हता. वीतभर जागा होती, खाली रुंद, वर फाटे फुटलेली. त्याने हात जरा सरकवला, बोटं जरा फाकवली, आणि त्याचा अख्खा तळहात त्या गारव्यात बसला. फक्त अनामिकेचं टोक पोळलं. तिथे गारवा अर्ध्यावरच संपत होता.

त्याने हात झटकन काढला. जाळीच्या पलीकडे वाकून पाहिलं. पंखा, इंजिन, बाकी काही नाही. त्याने तसाच भंगारवाल्याला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा रिवाज मोडला.

"कशाचा आहे हा?"

"अरे, असं विचारतात का?" म्हातारा कुरकुरला. मग म्हणाला, "ट्रकचा. धरणाचं पाणी उतरलं तेव्हा वर आला म्हणे. नंबर-बिंबर काही राहिलं नव्हतं. मी तिसऱ्या हाताने घेतला."

"आणि ड्रायव्हर?"

"केबिन रिकामी होती. काचा वर केलेल्या, दारं आतून लॉक. बाहेर तरी कसा पडला असेल, देव जाणे."

धाकट्याने फोन ठेवला आणि वळला. आई शेडच्या दारात उभी होती. इंजिनचा आवाज ऐकून आली होती, केस नीट विंचरून, बाहेर जायची साडी नेसून.

"झाली गाडी?" तिने विचारलं. "आणि तो?"

"अजून काम आहे, आई. रेडिएटर गळतोय." खोटं बोलताना त्याची जीभ अडखळली. आई पुढे आली. रेडिएटरखालची जमीन कोरडी ठणठणीत होती.

"हात नको लावूस, तापलंय ते," तो ओरडला. तिने लावलाच. थेट मधोमध. आणि हात तिथेच राहिला.

तिचा अंगठा जाळीवर हळूहळू फिरू लागला, अनामिकेच्या मुळाशी, थोरल्याची जखम ताजी असताना पट्टी बांधून झाल्यावर फिरायचा तसा. धाकट्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला ते पुसायचंही सुचत नव्हतं.

"केवढा गार पडलाय रे," आई म्हणाली. "इतके दिवस गारठ्यात होता."

मग हात काढून घेत म्हणाली, "चल. फेरी मारू."

धाकट्याने जाळी पुन्हा चाचपली. आता ती सगळीकडे सारखी गरम होती. गार जागा कुठेच नव्हती.

गल्लीच्या टोकापर्यंत ते गेले आणि परत आले. शेजारी गॅलरीत येऊन टाळ्या पिटत होते. तापमानाचा काटा मधोमध होता, जरासुद्धा चढला नाही. आई डाव्या अंगाला सरकून बसली होती. तिच्या आणि धाकट्याच्या मध्ये एका माणसाची जागा मोकळी होती आणि तिचा उजवा हात तिथे सीटवर ठेवलेला होता.

घरी आल्यावर बायकोने वाफाळता चहा दिला. आईने कप उजव्या हातात धरला, घोट घेतला आणि खाली ठेवला. "निवला की गं हा," ती म्हणाली. बायकोने कपाला हात लावून नवऱ्याकडे बघितलं.

दिवेलागणीला पुढच्या खोलीतून लोखंड घासल्याचा आवाज आला. धाकटा धावत गेला. आई आत वळली होती. दाराला कडी घातलेली होती. कडी ओढताना तिने दाराच्या पत्र्यावर तळहात टेकला होता, तिथे दव धरलं होतं. चार बोटं आणि एक अर्धं.

"आई, कडी?"

"लावली," आई म्हणाली. "आता सगळे घरात आलेत."