श्रवणयंत्राचा माग

वेंग म्हातारबांचा फोन को पेई-शानच्या टेबलावर आला, तेव्हा काचेच्या भेगांत चहाच्या मळ्यातली माती होती. च्याई शहरातल्या पोलिस प्रयोगशाळेत ती असे फोन तपासायची. म्हातारबा दरीत सापडले होते. बायको गेल्यावर खचला आणि उडी घेतली, असं गाव म्हणत होतं.

फोनमध्ये विशेष होतं ते श्रवणयंत्राचं अ‍ॅप. कानातल्या दोन्ही यंत्रांचा आवाज त्यातूनच जुळवायचा. पेई-शान एकेक नोंद उघडत गेली, तशी आजूबाजूची खोली विरघळत गेली. म्हातारबांनी जागोजागी आवाज जुळवून त्यांना नावं दिली होती: ‘बाजार’, ‘देऊळ’, ‘तिचा फोटो’. या शेवटच्यात सगळेच आवाज मिटवलेले. आणि ते दरीत पडले त्याच पहाटे, सहा दहाला केलेलं नवं: ‘पांढऱ्या कानाचा पक्षी’. वारा पुसून टाकलेला, बारीक शिळेला वाट मोकळी. आपणच धुक्यात उभ्या आहोत आणि कुठूनतरी शीळ येतेय, असं तिला वाटत राहिलं.

सहा एकोणतीसला डाव्या यंत्राचा संकेत एकाएकी क्षीण झाला. लगेच म्हातारबांनी ‘यंत्र शोधा’ उघडलं. दूर. जवळ. आणखी जवळ. मग फोनला जबर हिसका.

दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी लि-चू आली.

“मॅडम, खरं सांगा. आ-बांनी जीव दिला ना?”

“नाही हो. कानातलं यंत्र खाली पडलं. ते शोधायला उतरले आणि पाय घसरला.”

लि-चूचा चेहरा पडला. “मीच बोलले होते. आधी एक हरवलं होतं त्यांनी. म्हटलं, आता हरवलं तर बहिरेच राहा.”

पेई-शाननं फोनचा पडदा तिच्याकडे वळवला. “त्याआधी एकोणीस मिनिटं ते पक्षी ऐकत होते. हे पाहा, तीनदा आवाज वाढवलाय.”

लि-चू बघत राहिली. “मी दारातून घसा फोडायचे, तर ढिम्म! आणि पाखरू बरं ऐकू आलं!” ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. पेई-शाननं तिचा हात धरून ठेवला.

अहवालात ‘अपघात’ असं लिहिलं गेलं. आठवड्यानं लि-चूचा फोन आला. देवळासमोर चहा पीत बसणाऱ्या म्हाताऱ्यांना तिनं तो अहवाल मोठ्यानं वाचून दाखवला होता. दोनदा वाचावा लागला; निम्म्यांना ऐकायला कमी येतं.