चुन्याची रेघ

आमच्या माळवदाचं कुणी कौतुक केलं की आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, छाती फुगते. आमच्या कुंभारी गावात आता बहुतेकांनी स्लॅब टाकलेत. आमचं छत अजून मातीचंच. बाभळीच्या तुळया, त्यांवर लाकडाच्या चिपा, चिपांवर पाला आणि वर माती. गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात आप्पा पांढऱ्या मातीचा नवा थर देतात. जुना थर कुणी काढत नाही, नुसता चढवायचा.

यंदा तर ते दुप्पट माती आणायला निघाले. माझी थोरली बहीण सुकन्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. मधल्या खोलीत तिची खाट, तिथल्याच तुळईला पाळणा. नातवंडाच्या अंगावर थेंब पडता कामा नये, असा आप्पांचा हुकूम.

मी सोलापूरच्या कॉलेजात भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. नेमके त्याच आठवड्यात गुरुशांत सर भूकंप शिकवत होते. हादऱ्यानं माणूस मरत नाही, डोक्यावरचं ओझं खाली येतं त्यानं मरतो, असं ते म्हणाले आणि मला वर्गातच घाम फुटला. डोळ्यांसमोर आमची मधली खोली आली. तिचं दार कित्येक वर्षं चौकटीत अडकतं, कडी लागतच नाही. आप्पा दरवर्षी दाराला रंधा मारून घेतात आणि सुताराच्या नावानं खडे फोडतात.

घरी येऊन चपला काढायच्या आधीच मी सांगून टाकलं, "आप्पा, माती चढवायची न्हाय. उतरवायची."

"का गं? कॉलेजात हेच शिकवत्यात व्हय?"

"व्हय. ओझं लई झालंय. उद्या भूकंप झाला तर..."

"मला भूकंप सांगती!" आप्पा उसळले. "किल्लारीच्या टायमाला तू जल्मली बी नव्हतीस. शेजारच्या भिंती आडव्या झाल्या, ह्या माळवदाला नुसत्या चिरा गेल्या. मी सवता चिरा भरल्या आन वरनं सगळीकडं चुन्याचा हात फिरवला. त्या एका सालीच चुना, न्हायतर कायम मातीच. तवा ज्यानं सोसलं, ते आता सोसंल की!"

भांडण रात्री जेवणापर्यंत चाललं आणि माझा पारा आणखीच चढला. मी ताटावरून उठले. आई म्हणाली, बापावर गेलीय. ते खरंच आहे.

सकाळी मधल्या खोलीत वेणी घालताना वर लक्ष गेलं. छताला उजेडासाठी भोक ठेवलेलं असतं, त्याला सवणं म्हणतात. त्याच्या कडेला मातीची जाडी उघडीच दिसते, फक्त धुरानं काळी झालेली. आणि मला सहलीतला रस्त्याकडेचा कापलेला डोंगर आठवला. खाली काळा दगड, मध्ये तांबड्या मातीचा पट्टा, वर पुन्हा काळा दगड. सर म्हणाले होते, खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. मधल्या एका थराचं वय कळलं की खालचं सगळं त्याच्या आधीचं, वरचं सगळं नंतरचं. दगडाचं वय काढायला प्रयोगशाळा लागते. आमच्या माळवदातल्या एका थराचं साल आप्पांनी रात्री भांडता भांडता स्वतःच सांगितलं होतं.

वेणी अर्धी सोडून मी खुरपं घेतलं, शिडीनं वर गेले आणि सवण्याची कड तासायला लागले. काजळी उतरली तसे थर दिसले, एकावर एक रचलेल्या भाकरींसारखे. बऱ्याच खाली पांढरीफेक रेघ होती. मी ओरडले, "आप्पा, वर या!"

ते कुरकुरत आले. मी रेघेवर बोट ठेवलं. "हे कुठलं साल?"

"चुना न्हवं का ह्यो? किल्लारीचं."

"मंग तवा तुळईवर माती किती हुती? मोजा की."

आप्पांनी रेघेखाली वीत लावली. वीतभरही नव्हती. मग रेघेच्या वर एक वीत लावली, दुसरी लावली, आणि तिसरी लावताना हात थांबला. सवण्यातून खाली आई दिसत होती. स्टुलावर उभी राहून ती तुळईला पाळण्याची दोरी बांधत होती.

"ज्यानं सोसलं ते खालचं, आप्पा. वरच्या मातीची परीक्षा अजून झालीच न्हाय."

"समदी मीच चढवली की गं," आप्पा हळूच म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. मला जिंकल्याचा आनंद झालाच नाही. त्यांनी ती माती आम्ही भिजू नये म्हणूनच तर वाहिली होती.

"आन गळलं मंजी?"

"ताडपत्री घालू. तरी गळलं तर मी पातेलं धरून बसते."

"बसशील बी तू," ते म्हणाले. मग खाली वाकून ओरडले, "दोरी सोड ती! आन भाईर ये आधी!"

शेजारच्या बिरुदेव काकाला बोलावून आम्ही माती उतरवली, एका बाजूला भार पडू नये म्हणून सगळीकडून सारखी. रेघ लागली तिथं थांबलो. अंगणात ढीग केवढा झाला! शेळ्या त्यावर चढून बसल्या. आप्पा ढिगाकडे बघत नव्हते.

हातपाय धुऊन ते मधल्या खोलीत गेले. सवयीनं त्यांनी दार ओढलं आणि पायानं रेटायला पाय उचलला. पण ओझं उतरलेल्या चौकटीत दार आपसूक बसलं. त्यांनी कडी लावली. लागली. काढली, पुन्हा लावली. बाहेर मला नुसता कडीचा आवाज येत होता.

दार उघडून आप्पा उंबऱ्यात आले.

"ऋतू," ते म्हणाले, "सुताराला उगं शिव्या दिल्या की गं इतकी वर्सं."