राजलक्ष्मी उजवीकडे वळते

सुपारीचं खांड एका बाजूला पातळ होतं नि दुसऱ्या बाजूला जाड, आत तांबूस रेघांची बारीक नक्षी... रमाकांतनं ते तोंडात टाकलं नव्हतं. परीक्षेच्या दिवशी त्याच्या तोंडाला अशी कोरड पडायची की विड्याचा चोथा जिभेवर तसाच बसून राहायचा, म्हणून पान खिशात आणि खांड मुठीत, हा त्याचा ठरलेला रिवाज. ही नावेची तिसरी परीक्षा. आणि शेवटची — हे परीक्षा घ्यायला इंदूरहून आलेल्या भालचंद्ररावांनी लाँचमध्ये पाय ठेवतानाच सांगून टाकलं होतं, तेही हसत. ग्वाल्हेरच्या माणसाला वाईट बातमी हसत सांगायची इंदूरकरांना भारीच हौस!

“बसावं साहेब, आधी विडा घ्यावा,” महिपतराव म्हणाले होते. महिपतराव म्हणजे दरबारच्या नौकाखान्याचे जुने दारोगा. दरबार गेला, नौकाखाना गेला, आता ते पाटबंधारे खात्याच्या हजेरीपटावर होते, पण पाहुण्याला विडा दिल्याशिवाय पाण्यात न्यायचं नाही हे मात्र त्यांच्यालेखी कुठल्याही सरकारच्या हुकमानं बदलणार नव्हतं.

इंजिन सुरू झालं. तिघऱ्याच्या तलावावर ऑक्टोबरचं ऊन नुसतं पसरलं होतं, आणि पलीकडच्या काठावर, पाऊण मैलावर, एक लाल निशाण. तिथवर सरळ जायचं, बस्स. सुकाणूच्या चाकाला माणसाचा हात न लागता. ‘राजलक्ष्मी’ लाँचच्या सुकाणूला एक विलायती यंत्र होतं, दिशा एकदा लावून दिली की आतल्या होकायंत्राकडे बघत ते स्वतःच चाक फिरवायचं, दरबारच्या वेळी पाहुण्यांनी तोंडात बोटं घालावीत एवढाच त्याचा उपयोग. आता चंबळवर धरण होत होतं, पाण्याची खोली मोजायला सरळ रेघेत चालणारी नाव खात्याला हवी होती. आज निशाण गाठलं तर राजलक्ष्मी चंबळला आणि तिच्याबरोबर तिचा मिस्त्री रमाकांतही. नाही गाठलं तर ती भंगारात आणि तो सरप्लसच्या, जादा नोकरांच्या, यादीत — एक तारखेला नवं राज्य, भोपाळला राजधानी, आणि थाटीपूरचं सरकारी क्वार्टर महिनाभरात खाली. बायकोनं, लीलानं, सकाळी डब्यात दशम्या घातल्या, आणि त्याच्या कोटाचं वरचं बटण, जे तो कधीच लावत नाही, ते लावून दिलं.

कट्.

महिपतराव दुसरी सुपारी कातरत होते. कट्... कट्... नाळ, नावेचं पुढचं टोक, निशाणावर अशी रोखलेली की बघत राहावं. पण रमाकांतला त्याचं कौतुक नव्हतं, त्याला ठाऊक होतं पुढं काय होणार ते. एकटा असला की ही बया सुतासारखी सरळ जाते, दहादा जाते, वीसदा जाते — आणि साहेब लोक बसले की अर्ध्या वाटेत उजवीकडे वळते. कोणाला सांगणार? मागच्या साहेबानं फाइलवर लिहिलंच होतं की मिस्त्रीचं म्हणणं विश्वासार्ह वाटत नाही. विश्वासार्ह! अरे, मी या यंत्राची तार न् तार उकललीय, मोटरचे कोळशाचे ब्रश घासलेत, बॅटऱ्या बदलल्यात, फळीचे लोखंडी खिळे उपटून पितळी स्क्रू मारलेत... दौलतसिंहच्या बोटातली शनीची लोखंडी अंगठीसुद्धा काढून ठेवायला लावली, तो इंजिनवाला आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हता. होकायंत्राजवळ लोखंड नको, एवढं काय मला कळत नाही? चुंबकाचा तुकडा हातात घेऊन फिरलोय मी, वीत न् वीत. चाकाशेजारच्या फळीवर, होकायंत्राच्या बरोबर वर, महिपतरावांचं पानदान असायचं, त्यालाही चुंबक लावून पाहिलं होतं — अस्सल चांदी, चिकटायचं नावच नाही. वहीत लिहिलं, ‘पानदान : निर्दोष’.

महिपतरावांनी कातरलेली सुपारी साहेबांपुढे केली, फळीपाशी जाऊन पानदान आवरून ठेवलं, झाकण लावलं, आणि आपल्या बाकावर येऊन मिशीवर हात फिरवत बसले. इंजिनाची घरघर तेवढी राहिली. रमाकांतनं मुठीतलं खांड घट्ट दाबलं.

आणि चाक हललं. हळूच, चोरपावलांनी, उजवीकडे. निशाण नाळेवरून डावीकडे सरकू लागलं.

“लो, उठ गया भूत!” मागून दौलतसिंह पुटपुटला.

भालचंद्ररावांनी खिशातून पेन्सिल काढली. टोक पाहिलं. रमाकांतला वाटलं, जाऊ दे एकदाचं, लिहा काय लिहायचं ते, कदाचित खरंच माझंच काही तरी चुकत असेल, वीस वर्षं यंत्रं उकलणारे हे हातच बिनकामाचे... लोक म्हणतातच ना टोपी बाजारात, की राज गेलं तसं यंत्रही रुसलं. खरंच की, दरबार होता तोवर एकदाही वळली नव्हती ती. किती तरी पाहुणे आले, गेले...

“साहेब, एवढ्यात लिहू नये,” महिपतराव कळवळून म्हणाले. “अजून एक विडा घ्यावा. येईल ती जाग्यावर.” आणि त्यांनी फळीपाशी जाऊन पानदान उघडलं, अडकित्ता काढला, बाकावर येऊन बसले.

कट्.

चाक परत फिरलं. निशाण नाळेवर आलं.

कट्... कट्... — हा आवाज रमाकांतनं कुठं ऐकला नव्हता? नानांचा, त्याच्या वडिलांचा, दुपारच्या जेवणानंतरचा आवाज. अभ्यास करताना, ताप आला असताना, लग्नाची बोलणी चालू असताना, सगळ्याला हीच कट् कट्. इतकी नेहमीची की ती ऐकू येईनाशीच झाली होती... पण आत्ता ती ऐकू आली. आणि थांबली तेव्हा तिचं थांबणंही ऐकू आलं. महिपतराव उठले, अडकित्ता पानदानात टाकला, झाकण लावलं — शांत. आणि चाक हललं. उजवीकडे.

अरे देवा... अडकित्ता! पोलादी अडकित्ता, चांदीच्या पोटात! चुंबक लावला तो वरून, उंच झाकणाला, तळातल्या अडकित्त्यापर्यंत त्याची ओढ पोचलीच नाही, आणि झाकण कधी उघडलंच नाही. कशाला उघडेन? लोखंड म्हणजे खिळा, किल्ली, पक्कड. अडकित्ता कधी कोणी लोखंडात धरलाय आमच्यात? तो पानाच्या ताटातला, चुन्याच्या डबीचा सोबती, त्याच्याकडे मिस्त्रीच्या नजरेनं बघायचं कधी सुचलंच नाही. मी एकटा असताना पानदान नाही. साहेब आले की पानदान आलं. सुपारी कातरली जाते तोवर नाव सरळ, आणि सगळे निवांत चघळत बसले की वाकडी! आणि दरबारच्या वेळी — हो, दरबारच्या वेळी पानदान घेऊन एक खिदमतगार उभा असायचा, पार पिछाडीला, चाकापासून दहा हात लांब! विलीनीकरणात ती जागा रद्द झाली. तेव्हापासून बिचारे महिपतराव स्वतःच पानदान आणतात आणि हाताशी असावं म्हणून या फळीवर ठेवतात...

त्याला ओरडावंसं वाटलं. हसावंसं वाटलं. पाण्यात उडी मारावी, दौलतसिंहला मिठी मारावी, घरी धावत जाऊन लीलाला सांगावं की माझे हात ठीक आहेत गं, ठीक आहेत! पण नुसतं वाटून काय उपयोग, आधी खात्री. तो फळीपाशी गेला, पानदान उचललं, पिछाडीपर्यंत नेलं. नाळ वळली, निशाणावर येऊन थांबली. पानदान परत फळीवर ठेवलं. वळली उजवीकडे. उचललं. सरळ. ठेवलं. उजवीकडे! तीन वर्षं जी त्याला नाचवत होती ती आज त्याच्या हातच्या इशाऱ्यावर डोलत होती, आणि मुरारच्या छावणीतला बँड आपल्यासाठीच वाजतोय असं काहीसं त्याच्या छातीत चाललं होतं.

“हे काय चाललंय मिस्त्री?” भालचंद्ररावांची पेन्सिल कागदावर टेकायची राहिली. “बिघाड होता तरी काय?”

सगळी उत्तरं जिभेवर तयार होती. आणि तेवढ्यात त्यानं महिपतरावांकडे पाहिलं. म्हातारा पानदानाकडे पाहत होता, मग चाकाकडे, मग पुन्हा पानदानाकडे. त्यांना कळलं होतं. मिशीवरचा हात खाली आला होता.

“रमाकांतपंत,” ते इतक्या हळू म्हणाले की इंजिनात बुडालंच असतं, “तीन साल... माझ्या विड्यानं?”

रमाकांतनं पानदान पुन्हा उचललं, अदबीनं, दोन्ही हातांनी, जसा तो खिदमतगार धरायचा तसं, आणि पिछाडीला जाऊन ताठ उभा राहिला.

“साहेब, इथली एक जागा रद्द झाली होती,” तो म्हणाला, आणि आपला आवाज एवढा मोकळा आहे याचं त्यालाच नवल वाटलं. “पानदान धरणाऱ्याची. ती रद्द करताना कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि पानदानाचं झाकण उघडून बघायचं माझ्या ध्यानात आलं नाही. चूक मिस्त्रीची. बाकी सगळं निशाणाशी पोचल्यावर सांगतो, खुलासेवार.”

“निशाणाशी पोचल्यावर?” भालचंद्रराव म्हणाले. ते रागावले होते की हसत होते, रमाकांतला ओळखू येईना. पेन्सिल तशीच हवेत होती. ती खाली येऊन काय लिहील, चंबळ की सरप्लस, कोण जाणे. सकाळपासून तो तिच्याकडे चोरून बघत आला होता... आता त्यानं पाहिलं ते मागच्या पाण्याकडे. पाण्यावर एक पांढरी रेघ उमटत येत होती, सरळ, अगदी सरळ, जराही न चळता.

त्यानं मूठ उघडली आणि घामानं ओलं झालेलं खांड तोंडात टाकलं. तोंडाला पाणी सुटलं होतं.