दाराजवळची ऊब

भामाबाईनं ओलं लंगोट झटकलं आणि दाराच्या चौकटीशी ठेवलेल्या काळ्या बॅटरीवर पसरलं. आधी टाकलेली दोन वाळत आली होती. श्रावणाची झड लागलेली, वलणीवरचं एक कापड धड वाळत नव्हतं, आणि जावयाच्या गाडीची ही बॅटरी मात्र चार्जिंगला लावल्यापासून छान ऊब देत होती. तिला मनापासून बरं वाटलं. जावयाची एखादी वस्तू सासूच्या कामी यावी, असं कुठं रोज घडतं?

"आई, त्येनला इचारून तरी टाक," बाजेवरून सुकन्या म्हणाली. सिझरचे टाके अजून ओले होते. कूस बदलायची म्हटलं तरी तिला आईचा हात लागायचा. तान्हं तिच्या कुशीत झोपलं होतं.

"लंगोट वाळवू का म्हून जावयाला इचारू? बरी हाईस की!"

नवनाथ सकाळी केजहून विजेच्या गाडीवर लेकाला बघायला आला होता. बघणं म्हणजे उंबऱ्याबाहेरूनच, कारण बारसं होईपर्यंत बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं पाऊल टाकायचं नाही, हा भामाबाईच्या घरचा कायदा. पण घरातला धड चालणारा विजेचा बोर्ड नेमका त्याच खोलीत होता. म्हणून त्यानं बॅटरी आणि चार्जर उंबऱ्यावर ठेवले आणि सासऱ्यांना, हरिबांना, सांगितलं, "मामा, वारं लागंल आशी ठिवाया सांगा. वर काई टाकू नका म्हनावं. आन् दारात तर ठिवूच नका."

सासूशी तो थेट बोलत नसे. तीही पदर सावरून 'पाव्हणं' म्हणायची, तेही नवऱ्याकडे बघून.

हरिबांनी निरोप पोचवला, पण निम्माच. "वाऱ्याला ठिव म्हनत्यात."

भामाबाईला हसूच आलं. बाळंतिणीला वारं बाधू नये म्हणून तिनं स्वतःच्या हातानं खिडकीत गोधडी कोंबली होती, आणि या बॅटरीला म्हणे वारं पाहिजे! चार्जरची वायर आखूड होती. तिनं बॅटरी बोर्डाखाली, त्या खोलीच्या एकुलत्या एका दाराला लागून ठेवून दिली आणि ती कामाला लागली.

दुपार कलली तसा सुकन्यानं नाकाला पदर लावला.

"आई, कसला गं वास येतोय? गोडसर. नखपालिशवानी."

"धुरीचा. सकाळची शेगडी हाय न्हवं बाजंखाली."

"आन् ही टकटक?"

"पत्र्यावर पाऊस हाय. नीज तू. लई इचार करतीस."

सुकन्यानं लेकरू भिंतीच्या बाजूला घेतलं. तिला भीती वाटत होती, आणि बाळंतिणीच्या भीतीला या घरात कुणी मोजत नव्हतं.

भामाबाई ओव्याची चिमूट घेऊन शेगडीपाशी बसली. निखारे वर काढावेत म्हणून तिनं चिमट्यानं राख उकरली. मग बोटं घातली. राख थंडगार होती. कधीच विझली होती शेगडी.

तिनं कान दिला. पाऊसही थांबला होता. टकटक थांबली नव्हती.

तिनं मान वळवली. वरच्या लंगोटाची कड पिवळी पडत चालली होती, आणि सकाळी सपाट असलेली बॅटरी पोळीसारखी टम्म फुगली होती. बाहेर जायचं तर त्या बॅटरीला घासूनच जावं लागणार होतं.

"सुकन्या, लेकरू छातीशी धर. ऊठ."

"काय झालं?"

"ऊठ म्हनते ना!"

सुकन्यानं पोटावर हात दाबला, कोपर टेकवलं. अर्ध्यातच ती कळवळून मागं पडली.

बाहेर ओसरीवर नवनाथ सासऱ्यांना गाडीचं कौतुक सांगत होता. हरिबा चहा फुंकत हुंकार भरत होते. तेवढ्यात आतून हाक आली.

"नवनाथ!"

हरिबांची कपबशी हातातच राहिली. लग्न झाल्यापासून या बाईनं जावयाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. नवनाथनंही आधी सासऱ्यांकडेच बघितलं.

"नवनाथ! आत ये! लेकीला उचल माज्या!"

तो धावला. खिडकीतल्या गोधडीच्या कडेनं पांढरा धूर बाहेर यायला लागला होता. दारापर्यंत तो पोचला, आणि सकाळी जिथं उभा होता त्याच जागी, उंबऱ्याबाहेर, सवयीनं थबकला.